रस्त्यावरचा चेहरा कोणाच्या मालकीचा?

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा पुण्याच्या सारसबागेत जे कधी गेले असतील, त्यांना आमचे म्हणणे चटकन पटेल. अभ्यंगस्नान आटोपून, नवे कपडे घालून शेकडो तरुण-तरुणी, त्यांचे आईवडील, नातवंडांचे बोट धरलेले आजोबा तेथे जमतात. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असतो, आणि मोबाईल म्हणजे कॅमेरा. कोणी मैत्रिणीचे छायाचित्र घेते, कोणी रांगोळीचे, कोणी आकाशकंदिलाचे. या हजारो छायाचित्रांत कोठेतरी मागे, कडेला, अर्धवट तोंड वळवलेले असे तुम्ही-आम्हीही असतो. ती छायाचित्रे कोणाच्या घरी गेली, कोणी पाहिली, पुढे त्यांचे काय झाले, हे आपल्याला कधीच कळत नाही. सहसा काही होतही नाही. परंतु जेव्हा होते तेव्हा माणूस चिडून विचारतो, ‘‘मला न विचारता माझा फोटो काढण्याचा याला अधिकार काय?’’ आणि समोरचा तितक्याच ठसक्यात म्हणतो, ‘‘रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे?’’

दोघांचेही म्हणणे थोडे थोडे खरे आहे, म्हणूनच हा तंटा मिटत नाही. आज या सदरात त्याचाच विचार करावयाचा आहे.

एक काळ असा होता की फोटो ‘काढवून घ्यावा’ लागे. सगळे कुटुंब ठेवणीतले कपडे घालून स्टुडिओत जाई. मागे रंगवलेला महाल, बाजूला तिपाईवर फुलदाणी, आणि काळ्या कापडाआडून येणारा ‘हलू नका’ हा हुकूम! त्या वेळी संमतीचा प्रश्नच नव्हता. आपण आपल्या पायांनी तेथे गेलो हीच संमती. काही घरांतल्या आज्या मात्र तेवढ्यालाही तयार नसत. फोटो काढला की आयुष्य घटते, असे त्या सांगत आणि आपण हसत असू. आयुष्य घटत नाही हे खरेच. पण आपले रूप आपण देऊ तेव्हाच दुसऱ्याचे व्हावे, हा त्या नकारातला भाग हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, हे जगाला लवकरच कळून आले.

पिठाच्या पोत्यावरची मुलगी

ही गोष्ट अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावची. १८८८ साली याच गावच्या जॉर्ज ईस्टमन यांनी ‘कोडॅक’ नावाचा पेटीसारखा कॅमेरा बाजारात आणला. त्याची किंमत २५ डॉलर आणि आत १०० छायाचित्रांची फिल्म. ती संपली की पेटीच कारखान्याकडे पाठवावयाची. तेथे छायाचित्रे धुऊन, नवी फिल्म भरून ती परत येई. छायाचित्रण ही कलावंताची मिरास होती, ती अशी कोणाच्याही हातातली करमणूक झाली. दोनच वर्षांनी, १८९० च्या डिसेंबरात, बॉस्टनच्या सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनी हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकात एक लेख लिहून इशारा दिला की, झटपट छायाचित्रे आणि वृत्तपत्रे यांमुळे माणसाचा खाजगीपणा धोक्यात आला आहे आणि कायद्याने त्याला संरक्षण दिले पाहिजे. यांपैकी ब्रँडाइस पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

लेख गाजला, पण न्यायालयाला तो लगेच पटला असे नाही. त्याच रॉचेस्टरमध्ये राहणाऱ्या कुमारी रॉबर्सन या तरुण मुलीचे छायाचित्र एका पीठगिरणीने तिला न विचारता जाहिरातीवर छापले. अशी सुमारे २५,००० जाहिरातपत्रे दुकानांतून, गुदामांतून, दारूच्या गुत्त्यांतूनसुद्धा लागली. ओळखीचे लोक थट्टा करू लागले. मुलीने अंथरूण धरले, डॉक्टर बोलवावा लागला. तिच्या वतीने १५,००० डॉलरच्या भरपाईचा दावा झाला. खालच्या न्यायालयांनी तिची बाजू उचलून धरली. पण १९०२ साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की, असा कोणता हक्क कायद्याला ठाऊकच नाही! निकाल लिहिणाऱ्या मुख्य न्यायाधीशांचे नाव ॲल्टन पार्कर.

लोकांना हा निकाल इतका लागला की पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने कायदा केला: कोणाचेही नाव अथवा छायाचित्र लेखी संमतीवाचून जाहिरातीसाठी किंवा धंद्यासाठी वापरणे हा गुन्हा. तो कायदा तेथे आजही आहे.

पुढचा भाग मोठा गमतीचा. १९०४ साली हेच पार्कर डेमोक्रॅटिक पक्षातर्फे अमेरिकेच्या अध्यक्षपदाला उभे राहिले. झाले, छायाचित्रकारांनी त्यांच्या घराला वेढाच घातला! जेव्हा पाहावे तेव्हा कोणीतरी कॅमेरा रोखून उभा, हे असह्य होऊन पार्करसाहेबांनी तक्रार केली. ती वाचून कुमारी रॉबर्सन यांनी वृत्तपत्रातून त्यांना जाहीर पत्र लिहिले आणि आठवण करून दिली की, महाराज, आपण ज्या हक्काची मागणी करीत आहात तो अस्तित्वात नाही असे आपणच मला सांगितले होते. पार्कर ती निवडणूक हरले, हे वेगळे सांगावयास नको.

या गोष्टीतला कायद्याचा मुद्दा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. छायाचित्र घेणे ही एक गोष्ट आणि त्याचा वापर करणे ही दुसरी. न्यूयॉर्कच्या कायद्याने हात घातला तो वापराला. पुढे बहुतेक देशांच्या कायद्यांनी हाच भेद कमी-अधिक पाळला.

राजकारणी आणि पायरीवरची मुलगी

जर्मनीत या प्रश्नाला वाचा फुटली ती एका मृत्यूने. १८९८ च्या जुलै अखेरीस माजी चॅन्सेलर बिस्मार्क वारले. त्याच रात्री दोन छायाचित्रकार खिडकीतून आत शिरले आणि मृत्युशय्येवरच्या त्या वृद्धाचे छायाचित्र घेऊन निसटले. कुटुंबीय न्यायालयात गेले, छायाचित्र जप्त झाले, दोघांना तुरुंगवास घडला. पण लोकांच्या लक्षात आले की, घरात घुसणे हा गुन्हा असला तरी माणसाच्या प्रतिमेचे रक्षण करणारा सरळ कायदाच आपल्याकडे नाही. त्यातून १९०७ चा कायदा जन्मला. त्याप्रमाणे कोणाचीही प्रतिमा त्याच्या संमतीनेच प्रसृत करता येते. अपवाद अर्थात आहेत: सार्वजनिक घडामोडींतल्या व्यक्ती, सभा-मिरवणुकांतील लोक, आणि एखाद्या देखाव्यात ओघानेच आलेली माणसे. थोडक्यात, पुलाचे छायाचित्र घेताना त्यावरून तुम्ही चालत असाल तर तक्रार चालणार नाही. पण पूल नुसता निमित्ताला आणि सगळा रोख तुमच्यावर असेल तर चालेल.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने आणखी एक पाऊल पुढे टाकले. माँट्रियल शहरात रस्त्यालगतच्या एका इमारतीच्या पायरीवर एक १७ वर्षांची मुलगी बसली होती. एका छायाचित्रकाराने तिचे छायाचित्र घेतले आणि ते १९८८ साली एका कलाविषयक मासिकात आले. त्यात वाईटवंगाळ असे काहीच नव्हते. अंकाच्या प्रती खपल्या अवघ्या ७२२! पण मुलीच्या मैत्रिणीने तो पाहिला, शाळेत हसे झाले, आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९९८ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने मुलीच्या बाजूने निकाल दिला. भरपाई मिळाली २,००० डॉलर. रक्कम बेताची, पण रस्त्यावर बसलेल्या सामान्य माणसाचा चेहराही त्याचा स्वतःचाच असतो, हे तत्त्व त्या २,००० डॉलरांत पदरी पडले.

मग कोणी फोटोच काढू नयेत काय?

आता दुसरी बाजू ऐकली पाहिजे. प्रत्येकाची लेखी परवानगी घेऊनच रस्त्यावर छायाचित्र घ्यावयाचे असे ठरले असते, तर १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची सुनील जाना यांनी घेतलेली छायाचित्रे आज आपल्यापुढे नसती. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळच्या वायुकांडानंतर मातीत अर्धवट पुरलेल्या एका चिमुकल्याचा चेहरा रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनी टिपला. ते मूल कोणाचे, हे आजवर कळलेले नाही. संमती कोणाची घ्यावयाची होती? तरीही तो चेहरा जगाने पाहिला म्हणून भोपाळ विसरणे जगाला जमले नाही. मोर्चावर पडणारी लाठी, भर चौकात मागितली जाणारी लाच, वाहून गेलेला पूल, यांची छायाचित्रे घेणाऱ्या नागरिकाचा हात कायद्याने धरावा असे आम्हांला मुळीच वाटत नाही. सत्ताधाऱ्यांना तर तसा कायदा हवाच असेल!

म्हणून कोणत्याही शहाण्या कायद्याला दोन्ही डगरींवर पाय ठेवावा लागतो. आपला कायदा तो कसा ठेवतो?

आपल्याकडचा कायदा

पहिली गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सार्वजनिक ठिकाणी परक्या माणसाचे साधे छायाचित्र घेण्यास सरसकट मनाई करणारा कायदा भारतात नाही. संरक्षणविषयक प्रतिबंधित जागांसारखी काही ठिकाणे सोडली, तर रस्त्यावर नुसते छायाचित्र घेणे हा गुन्हा होत नाही. परंतु येथे थांबून ‘म्हणजे सगळे मोकळे’ असे समजणाऱ्यांची मोठी फसगत होईल.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ पाहा. जेथे स्त्रीला कोणी पाहत नाही असे गृहीत धरण्याचा अधिकार आहे, अशा ठिकाणी, कपडे बदलताना किंवा शौचालयात, तिच्याकडे चोरून पाहणे अथवा तिचे चित्रण करणे हा गुन्हा आहे. कापडदुकानातली कपडे घालून पाहण्याची खोली यातच आली. पहिल्या वेळी किमान एक आणि कमाल तीन वर्षे कैद व दंड. पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे. हा गुन्हा आपल्या दंडविधानात आला तो २०१३ साली. याच कलमात एक महत्त्वाचे स्पष्टीकरण आहे. स्त्रीने छायाचित्र घेऊ दिले, पण ते इतरांना दाखवण्यास संमती दिली नाही, तरी ते पसरवणे हा गुन्हाच. ‘तिनेच काढू दिले होते’ हा बचाव तेथे संपला.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई २००९ पासून अंमलात आहे. कोणाही व्यक्तीच्या, म्हणजे स्त्री असो की पुरुष, खाजगी अवयवांचे संमतीवाचून चित्रण करणे किंवा ते पाठवणे यास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जागा सार्वजनिक की खाजगी हे कायदा पाहत नाही. रेल्वेच्या पुलाच्या जिन्याखाली उभा राहून मोबाईल वर रोखणाऱ्या हलकटाला ‘जिना सार्वजनिक होता’ असे म्हणता यावयाचे नाही. याखेरीज स्त्रीची अप्रतिष्ठा करण्याच्या हेतूने तिच्या खाजगीपणावर आक्रमण करणे हा न्याय संहितेच्या कलम ७९ खाली, आणि तिची इच्छा नसताना वारंवार पाठलाग करणे हा कलम ७८ खाली गुन्हा आहे.

जाहिरातीविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९४ सालीच, राजगोपाल खटल्यात, म्हटले आहे की संमतीवाचून कोणाचे नाव किंवा प्रतिमा वापरणे हा त्याच्या खाजगीपणाचा भंग होय. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमुखाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालपत्रात हेही आले आहे की, माणूस सार्वजनिक जागी आला एवढ्यानेच तो हा हक्क गमावून बसत नाही. ‘रस्ता काय तुमच्या मालकीचा?’ या प्रश्नाला हे उत्तर पुरेसे आहे.

२०२३ साली वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला, २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कंपन्या, शाळा, संस्था यांनी जमवलेली माणसांची माहिती, छायाचित्रांसह, यामुळे बंधनात येईल. मात्र एखाद्याने घरगुती, वैयक्तिक कारणासाठी केलेल्या गोष्टींना हा कायदा लागू नाही. तेव्हा मामांनी लग्नात काढलेल्या फोटोंवरून कोणी मामांना नोटीस धाडू नये!

लग्नाचा विषय निघालाच आहे, तर पुष्कळांना ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे छायाचित्राचा हक्क सामान्यतः ते घेणाऱ्याचा असतो. पण तुम्ही पैसे देऊन छायाचित्रे काढवून घेतली असतील, तर उलट करार नसल्यास, पहिला हक्क तुमचा. स्टुडिओवाल्याने तुमच्या मुलीचे नवरीच्या वेषातले छायाचित्र दर्शनी काचेत किंवा आपल्या संकेतस्थळावर लावले असेल, तर ते काढा असे सांगण्याचा तुम्हांला अधिकार आहे. अट एवढीच की करारावर सही करण्यापूर्वी खालची बारीक अक्षरे वाचलेली असावीत.

शिक्षा कोणाला?

कायदा एवढा आहे. तरी आमच्या मते खरी अडचण कायद्यापाशी नाही. समजा, दिवाळीच्या पहाटे मैत्रिणींबरोबर गेलेल्या एका मुलीचे कोणीतरी गर्दीत छायाचित्र घेतले. अंगभर साडी, हसरा चेहरा, त्यात गैर ते काय? घरी जाऊन त्याने त्याखाली चार चावट शब्द लिहिले आणि ते सगळीकडे पाठवले. संध्याकाळपर्यंत ते फिरत फिरत मुलीच्या काकांच्या मोबाईलवर आले. आता घरात काय होते? काका भावाला फोन करतात. वडील गप्प होतात. आई म्हणते, ‘‘तरी मी सांगत होते, एवढे नटून जाऊ नकोस म्हणून!’’ आजी म्हणतात, ‘‘चारचौघांत तोंड दाखवायला जागा उरली नाही.’’ आणि ठरते काय, तर मुलीने आता काही दिवस घराबाहेर पडू नये, संध्याकाळचा क्लास बंद, मोबाईल वडिलांकडे.

ज्याने हा उद्योग केला तो मोकळा, आणि कैद भोगते ती जिचा काडीइतका दोष नाही ती! कुमारी रॉबर्सन आजारी पडली, पण तिची माणसे तिच्या पाठीशी उभी राहून न्यायालयात गेली. ज्या मुलीला घरातच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते, ती कोणत्या बळावर पोलिसांकडे जाणार? दुसऱ्या वेळी असे घडले तर ती घरी सांगणारच नाही. आणि जी मुलगी घरी सांगत नाही, तिला धमकावणे किती सोपे असते हे असल्या लोकांना चांगले कळते.

तेव्हा असा प्रसंग आलाच, तर पहिले वाक्य ‘‘तू काही चुकीचे केलेले नाहीस’’ हे असावे. नंतर तो मजकूर जसा दिसतो तसा, तारीख-वेळ आणि पाठवणाऱ्याचे नाव दिसेल अशा रीतीने जपून ठेवावा. संतापून पुसून टाकू नये, तोच पुरावा. ज्या समाजमाध्यमावर तो आला तेथे तक्रार करावी. २०२१ च्या नियमांनी अशा माध्यमांवर तक्रारींची दखल घेण्याचे बंधन घातले आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. ‘हा प्रकार आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर दखलपात्र गुन्ह्यात पोलिसांना आता देता येत नाही. रस्त्यात कोणाला फोटो घेताना पकडलेत तर चार लोकांना साक्षीला घ्यावे, पोलिसांना बोलवावे. मोबाईल हिसकावून फोडू नये. त्याने पुरावा जातो आणि तक्रार उलट आपल्यावरच होते.

घरचा कायदा

शेवटी थोडे आपल्याविषयी. कारण या विषयात आपण सगळे कधी फिर्यादी असतो तर कधी आरोपी! अपघातात जखमी होऊन पडलेल्या माणसाला पाणी देण्याआधी त्याचे चित्रण करणारे कोणी परग्रहावरचे नसतात. लोकलमध्ये दमून, तोंड उघडे टाकून झोपलेल्या प्रवाशाचा फोटो मित्रांना पाठवून हसणारेही आपल्याच घरातले असतात. फुलबाजारात, मासळीबाजारात, पंढरीच्या वाटेवर आपण ‘काय सुंदर चेहरा!’ म्हणून मोबाईल रोखतो. पण त्या चेहऱ्याची बाई नजर वळवते तेव्हा तो नकार असतो, हे आपण पाहूनही पाहत नाही.

मुलांच्या बाबतीत तर अधिकच जपावे. अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख छायाचित्रातून उघड करणे हा २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे ‘सहानुभूती’ म्हणून असले फोटो पुढे धाडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आणि आपल्याच मुलाचा न्हाणीघरातला, रडतानाचा, नापासाच्या गुणपत्रिकेसह घेतलेला फोटो चारशे लोकांच्या गटावर टाकण्यापूर्वी, हाच मुलगा पंधरा वर्षांनी आपल्याला काय म्हणेल, याचा क्षणभर विचार करावा.

रूढी पडावयाला कायदा लागत नाही, सवय लागते. दुसऱ्याच्या दारात पाऊल टाकण्यापूर्वी आपण ‘येऊ का?’ म्हणतो, ते काही कोणत्या कलमाच्या भीतीने नव्हे. यंदा फराळाला पाहुणे येतील, भाऊबीजेला भावंडे जमतील, कोणीतरी मोबाईल वर धरीलच. त्या वेळी घरातल्या लहानांदेखत एवढेच विचारावे, ‘‘काढू का? आणि कोणाला पाठवला तर चालेल का?’’ कोणी नको म्हटले तर राग न मानता मोबाईल खाली घ्यावा आणि चकलीचे ताट पुढे करावे. मुले पाहत असतात, आणि पाहिलेले शिकतात.

वाचक बंधुभगिनींना ही दीपावली सुखाची जावो.